समोरच्या जाळीतला पाहुणा

३ नोव्हेंबर

आज बलदमध्ये, म्हणजे जेद्दाच्या जुन्या भागात, राहायला आलो. शरीफाची तक्रार असते की फोनवर मी नुसता ‘हां, हां’ करतो, म्हणून रोज लिहायचं ठरवलंय. महिनाअखेर ती आणि इफरा व्हिजिट व्हिसावर येतायत, तेव्हा तिला वाचून दाखवीन. चार वर्षं झाली. इफरा मला फक्त मोबाइलमधला अब्बा म्हणून ओळखते. एकदा तिघांनी एका ताटात जेवायचं आहे, बस्स, एवढंच मागणं आहे.

घर जुन्या जेद्दाचं, समुद्रातल्या प्रवाळी दगडांचं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खिडकी म्हणजे गल्लीवर पुढे आलेलं लाकडी जाळीचं कपाटच, त्याला इथे रोशन म्हणतात. समोरच्या बंद घराचं रोशन इतकं जवळ की हात लांब केला तर मिठाची वाटी देता येईल. खोल्या मी काम करतो त्या हॉटेलनेच दिल्या. आधी आमच्या हॉटेलचा एसीवाला इमाद इथे राहायचा. मी या हॉटेलात लागण्याआधीच तो न सांगता गायब झाला, म्हणून त्याच्यावर हुरूब लागला, म्हणजे पळून गेल्याची नोंद. त्याच्या बेपत्ता होण्यावर माझी सोय झाली. रिसेप्शनवरचा यासीन, आपल्या म्हसळ्याकडचा, गादी खांद्यावर घेऊन तीन मजले चढला आणि वाटभर मला शिव्या घालत होता.

५ नोव्हेंबर

दुपारपर्यंत सुट्टी होती, गल्ल्या पालथ्या घातल्या. अत्तराची दुकानं, खजुरांचे ढीग, एका बाजूला कललेलं घर आणि त्याच्या सावलीत निवांत झोपलेली मांजरं. दुरुस्त केलेल्या घरांत आता कॉफीची दुकानं आहेत. बाकीची पत्रे ठोकून बंद.

काल फोनवर इफरा बिस्कीट खात होती, मला दाखवून दाखवून. तिला दटावलं. आपल्याकडे घास तोंडात घालताना कोणी दिसलं तर आधी बोलवायचं, ‘येवा जेवाला’ म्हणायचं, मगच गिळायचं. शरीफा आज सांगत होती की तेव्हापासून पोरगी मांजराला आणि लाईटवाल्यालाही आमंत्रणं देत सुटलीय. माझीच लेक.

७ नोव्हेंबर, जुमा

नमाजनंतर रोशनमध्ये बसून जेवत होतो. समोरच्या जाळीमागे एक माणूस दिसला, अरुंद चेहरा, भुवईवर जुना व्रण. सवयीने म्हणालो, येवा जेवाला. यावर ‘जेवा, जेवा, बिस्मिल्ला करा’ म्हणायचं असतं. खरंच कोणी उठून येत नाही. हा म्हणाला, येतो. आपल्याच बोलीत. मला इतका आनंद झाला की दार उघडून जिन्यात उभा राहिलो. कोणी आलं नाही.

परत आलो तर ताटातला भात पलीकडच्या बाजूने खाल्लेला. समोर कोणी बसून जेवावं तसा.

१० नोव्हेंबर

यासीनला सांगितलं. त्याच्या मते मांजर असणार, कारण समोरच्या घरात जिना उरलेला नाही, मजलेही कोसळलेत. मग गप्पांच्या ओघात त्याने हॉटेलच्या पार्टीचा जुना फोटो दाखवला. त्यात तोच अरुंद चेहरा, तोच व्रण. इमाद.

समोर दिसला तो हाच, हे यासीनपासून लपवलं. बिचारा इकाम्याशिवाय, म्हणजे राहण्याच्या परवान्याशिवाय, तिथे कसाबसा लपला असेल, मी तोंड उघडलं तर पकडला जाईल. दुपारी पुन्हा बोलावलं. तो पुन्हा येतो म्हणाला, आणि भात पुन्हा संपला. उपाशी माणसाला दोन घास द्यायला माझं काय जातंय?

१३ नोव्हेंबर

गादीवर माझ्या शेजारी खोलगट जागा. माझा सदरा घामाने भिजलेला, मी न घालता.

शरीफा खुशीत होती. म्हणाली, काल किती दिवसांनी मनसोक्त बोललात. काल मी फोन केलाच नव्हता.

भटाला दिली ओसरी आणि भट हातपाय पसरी. आजपासून खिडकीत जेवणार नाही.

१७ नोव्हेंबर

कामावर सकाळपासून कोणी सलामाचा जवाब दिलेला नाही. जवाब देणं फर्ज आहे, भांडण असलं तरी माणूस पुटपुटतो. हजेरीच्या मशीनवर बोट उमटत नाही. यासीनच्या समोर उभा राहिलो, तो माझ्यातून दाराकडे बघत होता. मग हसून त्याने माझं नाव घेतलं. माझ्या मागे कोणीतरी होतं.

मागे वळून बघितलं नाही. मला भीती वाटते.

२० नोव्हेंबर

शरीफाला फोन. येऊ नका, तिकिटं रद्द करा, ओरडून सांगितलं. ती म्हणाली, कोण आहे, आवाज येत नाही. ठेवला. मेसेजही पोचत नाहीत.

तो माझ्या ताटावर बसतो. व्रण फिका झालाय. नाक माझं. मला जेवायला बोलावत नाही.

२२ नोव्हेंबर

जाग आली ती इकडे. समोरच्या घरात. पायाखाली रोशनच्या फळ्या, मागे काही नाही, खोल खड्डा. वही उशाखाली होती, तेवढी आली.

पलीकडे माझी खोली. तो माझा सदरा घालून केर काढतोय. पाहुणे यायचेत ना.

२५ नोव्हेंबर

ओरडून घसा गेला. गल्लीतलं कोणी वर बघत नाही. बघितलं तरी नाही दिसत. जेवणाऱ्यालाच दिसतो आपण, त्याने बोलावलं तरच सुटका. आणि बोलावणारा आपल्या जागी इथे येतो. इमाद असाच बसला असेल. त्याच्याआधी कोण—

तो जेवताना मान वर करत नाही. त्याला माहीत आहे.

२८ नोव्हेंबर

आल्या.

गल्लीत बॅगा. इफरा केवढी मोठी झालीय. त्याने तिला उचललं. तिने त्याच्या गळ्यात हात टाकले.

दुपार. रोशनमध्ये दस्तरखान घातलाय. एक ताट, तिघं. शरीफा पाठमोरी. इफराचं तोंड इकडे. त्यानेच बसवली तिला तिथे.

मागे सरकायला हवं. मागे जागा नाही. खाली वाकतो— जाळीत भोकं फार. डोळे मिटले तर मी तिला दिसणार नाही का? भूक लागलीय. या अल्लाह, किती भूक—

इफरा, ताटात बघ. वर बघू नको.

बघितलं. घास हातातच. ओळखलं मला, मोबाइलमधल्यासारखी हसली. एकदा त्याच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे. घास खाली ठेवला. मीच शिकवलंय. नको, बाळा, गिळ तो घास, नको बोलावू—

बोलावलं.

नको म्हणतोय मी. नको म्हणायलाच तोंड उघडलं, आणि आवाज आला, येतो—