नगाऱ्याचा आवाज

४ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पाच महिने पत्र नाही, त्याबद्दल आधी कान पकडते. तुमची मधली नजर परत यायची नाही असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्याचं तुमचं पत्र ऑक्टोबरात आलं. त्याला मी तीन उत्तरं लिहिली. पहिल्यात धीर दिला होता, दुसऱ्यात उपदेश केला होता आणि तिसऱ्यात माझंच रडगाणं होतं. तिन्ही फाडली. कामाची गर्दी होती असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. प्रयोगशाळेत पाण्याच्या बाटल्या तपासायला रोज येतात तेवढ्याच येत होत्या.

त्या पत्रासोबत तुम्ही ‘परतीचं आरमार’ या चौदा पुस्तकांच्या कादंबरीमालेतलं नववं पुस्तक पाठवलंत. वेष्टणही फोडलेलं नव्हतं. आधीची आठ कारखान्याच्या वाचनालयात देऊन आलो, हेही कुणाला तरी देऊन टाक, असं तुम्ही कळवलं होतंत. मी दिलं नाही. दर शनिवारी मी ध्वनिवाचनालयात जाते. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आम्ही तिथे पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतो. पाच महिन्यांच्या शनिवारांत मी नववं वाचून काढलं. अठरा तास झाले. पेनड्राइव्ह सोबत आहे.

लहानपणी या पुस्तकांना मी ‘मामाच्या उडत्या आगबोटी’ म्हणून नाक मुरडायची. आता दुसऱ्या प्रकरणातच आरमारात भरती झाले. सगळ्यांत आवडला तो तोफखान्याचा प्रमुख, नगारा. तो बोलू लागला की अख्खी तोफखोली चिडीचूप होते, असं वाक्य फिरून फिरून येतं. त्याच्यासाठी असा काही आवाज लावलाय की रेकॉर्डिंगवाल्याचा काटा लाल रेघ ओलांडून गेला. कसा वाटला ते कळवा.

पत्र वाचून दाखवणाऱ्या शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंना नमस्कार. मधली वाक्यं गाळू नका म्हणावं.

लोभ आहे. माझ्या गप्प बसण्याने तो उणा होऊ देऊ नये.

तुमची भाची

१५ मार्च

चि. शंकासुरास,
अ. आ.

पुठ्ठ्याला आडव्या खाचा कापून चौकट केली आहे. त्या खाचांतून जाड पेनाने लिहितो. ओळीवर ओळ चढली तर पुठ्ठ्याला दोष दे, कारागिराला नको.

तुझं वाचन स्वच्छ आहे. तिसऱ्या प्रकरणापर्यंत ऐकलं आणि बंद केलं. अगं, नगारा ओरडत नाही. तिसऱ्या पुस्तकात तो पेटत्या खोलीत शिरून अकरा जणांना बाहेर काढतो, तेव्हा धुराने त्याचा गळा जळतो. तेव्हापासून तो कुजबुजतो. नाव आधीचं, ते तसंच चिकटून राहिलं. चौथ्या पुस्तकानंतर लेखकाने पुन्हा हे सांगितलेलं नाही, कारण पहिल्यापासून वाचणाऱ्यांना ते ठाऊकच असतं. तोफखोली चिडीचूप होते ती धाकाने नाही. तो काय म्हणतोय ते ऐकू यावं म्हणून.

तू नवव्या दाराने घरात शिरलीस, तुला कुठून कळणार? काकूंचं म्हणणं, आवाज काही वाईट नाही, फक्त दारातला कुत्रा पळाला.

पण पुन्हा खटपट करू नकोस. आठ पुस्तकं स्वतःच्या डोळ्यांनी वाचली, तेवढी पुरे. काही आरमारं घरी पोचत नाहीत. पेनड्राइव्ह परत पाठवतो.

आशीर्वाद आहेतच, रागावलीस तरी.

मामा

३० मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

रागावले होते. दोन दिवस. तुमच्यावर, मग लेखकावर. तिसऱ्या दिवशी कुणी उरलंच नाही, तेव्हा नाइलाजाने स्वतःकडे वळले.

ध्वनिवाचनालयाच्या संचालिकाबाई म्हणाल्या, राहू द्या तसंच, शंभरात एखाद्याला कळेल. तो एक माझा मामा आहे हे मी त्यांना सांगितलं नाही, नाहीतर हा माझा घरगुती हट्ट ठरला असता. मी एवढंच म्हटलं की आमच्याकडे बाटलीचं बूच सैल निघालं तर ती तपासत नाहीत. नमुना ओतून टाकतात आणि पुन्हा घेतात.

खरी गोष्ट लिहिते. दुसरं कुठलंही नववं पुस्तक हाती आलं असतं तर आधीची आठ चाळल्याशिवाय मी माइकसमोर बसले नसते. इथे बसले, कारण मनात होतं की आगबोटींच्या गोष्टींना काय एवढं वाचायचं. तुमची चाळीस वर्षांची आवड मी वरवर उरकली. हे लिहायला जड जातंय, म्हणूनच लिहिते.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तुमच्या कारखान्याच्या वाचनालयात गेले. सहा पुस्तकं फळीवर आहेत. पाचवं आणि सातवं कुणी नेलं ते परत आलेलं नाही. चार वाचून झाली. ती आग मी जेवणाच्या सुट्टीत वाचली आणि डबा तसाच घरी परत आला.

तर आता दोन कामं सांगते. पाचव्यात आणि सातव्यात काय झालं ते लिहून पाठवा, काहीही न गाळता. आणि कुजबुज वाचायची कशी ते सांगा. मी कुजबुजले की यंत्रात नुसता पंखा आणि माझा श्वास ऐकू येतो.

नववं मी पुन्हा वाचणार आहे, ही परवानगी मागत नाही. आरमारं पोचत नाहीत म्हणे! तुम्ही आठव्यात थांबलात, मी नववं संपवलंय. नगाऱ्याचं पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे आणि मी ते सांगणार नाही.

या आडमुठेपणाला लोभ समजावं.

तुमची भाची

२१ एप्रिल

चि. शंकासुरास,
अ. आ.

म्हाताऱ्याला असं टांगून ठेवणं शोभत नाही. त्रेचाळीस पानं सोबत आहेत. बाराव्या पानावर ओळी एकमेकींच्या डोक्यावर बसल्या होत्या, त्या काकूंनी सोडवल्या आणि वर विचारलं की सातव्यातल्या त्या स्वयंपाक्याने फितुरी केलीच कशी. दोन दिवस मला त्याच्या वतीने भांडावं लागलं.

कुजबुजीचं सांगतो. आमच्या प्रेसखात्यात एक मुकादम होता. त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. दिवसभर यंत्रं धाडधाड पत्रा ठोकत असत. त्याने एक बोट वर केलं की आम्ही एकेक प्रेस बंद करायचो. शेवटची थांबली की तो बोलायचा, साधी चार वाक्यं. इतकी वर्षं पुस्तकात मी त्यालाच ऐकत होतो. तेव्हा तू कुजबुजू नकोस. त्याच्या आधीच्या ओळीपासून बाकीचे सगळे आवाज एकेक करून बंद कर. मग थांब. मग साधं बोल.

ऐकेन असं वचन देत नाही. तिसरं प्रकरण तेवढं पाठवून बघ.

आशीर्वाद, तुझ्या हट्टालाही.

मामा

१९ मे

चि. भाचीस,
अ. आ.

हे कार्डच पुरे. तिसरं प्रकरण ऐकलं. तो बोलायच्या आधी मी उठून पंखा बंद केला. काकूंनी शिवणयंत्र थांबवलं, कुणी न सांगता.

बाकीची प्रकरणं पाठव. तुला ठाऊक असलेलं सांगू मात्र नकोस.

मामा

२५ मे

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

कार्ड तीनदा वाचलं, मग प्रयोगशाळेत सगळ्यांना दाखवलं. कुणाला काही कळलं नाही, तरी सगळे हसले. बाकीची प्रकरणं सोबत आहेत. एकेचाळीस ठिकाणी नगारा पुन्हा वाचलाय. रेकॉर्डिंगवाला आता तो आला की स्वतःच बोट वर करतो.

पण हे एवढ्यावर संपत नाही. माझ्यासारखंच कुणी नवव्या दाराने येईल आणि त्याला आधीचं सांगायला मामा नसेल. म्हणून संचालिकाबाईंकडे चौदाही पुस्तकं मागितली. त्या आधी नाही म्हणाल्या. मी दर शनिवारी तेच विचारत राहिले. चौथ्या शनिवारी त्यांनी हो म्हटलं, बहुधा कंटाळून. पाचवं आणि सातवं मिळेपर्यंत तिथे तुमची त्रेचाळीस पानं वाचीन, तुमची ना नसेल तर.

एका पुस्तकाला पाच महिने, म्हणजे उरलेल्या तेरांना साडेपाच वर्षं. हा आकडा तुम्हाला सांगावा की नाही यावर दोन दिवस घातले. तुम्ही त्र्याहत्तरचे आहात. मग वाटलं, लपवला तर तो तुमचा अपमान होईल. पहिलं झालं की मधेच दहावं वाचून घेईन, तुमची वाट अडायला नको. पण सगळं आरमार पोचेपर्यंत तुम्ही तिथे ऐकायला हवे आहात. ही विनंती नाही, कामगिरी समजा.

काकूंना सांगा, कुत्र्याला बांधून ठेवा.

लोभ असाच राहो, निदान साडेपाच वर्षं. मग पुन्हा मागीन.

तुमची भाची

ता. क. उद्याचं काम: पहिलं पुस्तक, पान एक. नगाऱ्याचा गळा अजून शाबूत आहे, मोठ्याने वाचायचं.