काचेचं मागचं टोक

४ जानेवारी
परत कंबर गेली! काच उचलताना नव्हे. चप्पल घालायला वाकलो आणि दुकानातच आडवा. वहिनी गल्ल्यावरून उठून आल्या. "भावोजी, काचेचं काम दोघांचं. हे गेले. आता तुम्हीही अंथरूण धरलंत तर मी कुणाकडे बघू? शेजारचा फर्निचरवाला जागा मागतोय. देऊन टाकू."
महिनाअखेरपर्यंत थांबा म्हटलं. पाठ धड झाली नाही तर द्या.

९ जानेवारी
व्यायाम शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, जीभ तिखट. "काका, डोळे मिटून सरळ उभे राहा." राहिलो. "हे सरळ? बघा आता डोळे उघडून!" आरशात खांदे एकीकडे, कंबर दुसरीकडे. दोरीवर वाळत घातल्यासारखा मी. त्यांनी हातानं नीट उभं केलं — तर वाटलं, पडतोय! म्हणाल्या, "वाकडं तेच सरळ वाटायला लागलंय तुम्हाला."

१० जानेवारी
ओट्याला धरून एका पायावर. हसं झालं असतं, पण बघायला कुणी नव्हतं.

१६ जानेवारी
डोळे उघडे असले तरी तोल जातो. बाई म्हणाल्या, "समोर एक जागा पकडा, तिथंच नजर ठेवा." भिंतीवर जागाच सापडेना.
घरी येताना लक्षात आलं. काच नेताना कायम दादा पुढे, मी मागे. रस्ता मी कधी पाहिलाच नाही. त्याच्या शर्टाकडे बघायचं. तो थांबला की थांबायचं, कलला की कलायचं. जिना, उंबरा, वळण — सगळं त्याच्या पाठीवरून कळायचं.


२३ जानेवारी
सध्या तळव्यांकडे लक्ष द्यायचं. टाच, अंगठ्याखालची गादी, करंगळीची कड. आज डोळे मिटले आणि दोन्ही पाय सारखे टेकलेले जाणवले. सांगण्यासारखं काही नाही. पण बराच वेळ तसाच उभा होतो. पाठ गप्प.

२४ जानेवारी
झोप लागली.

३० जानेवारी
वरच्या गल्लीत खिडकीची मोठी काच पोचवायची होती. हमाल आलाच नाही. वहिनींनी हातमोजे चढवले. मी सवयीनं मागच्या टोकाला गेलो.
"तिथं मी," म्हणाल्या. "तुम्ही पुढे व्हा, भावोजी. मला रस्ता नाही दिसला तरी चालेल. तुमची पाठ दिसली की पुरे."
पुढे झालो.