पाटी बदलली, आई

आई, आपल्या संस्थेचं नाव बदललं. नावातून ख्रिस्त हा शब्द काढला, त्या जागी आरोग्य आणि ग्रामविकास आले. काम तेच आहे. मंठ्याच्या आसपासच्या गावांत जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं अंग पुसणं, जखमा बांधणं, घरच्यांना कूस कशी बदलायची ते शिकवणं. तू ज्या वाटांनी सायकलवरून जायचीस तिथे मी आता स्कूटीवरून जाते. फक्त आम्ही कोण, हे सांगण्याचं वाक्य वेगळं आहे.

तुझं वाक्य मला पाठ आहे. सुट्टीत तू मला बरोबर न्यायचीस. एका घरी दारातच विचारलं, कुठून आलात, आणि मी पटकन सांगून टाकलं, दवाखान्यातून. तू चप्पल काढता काढता थांबलीस. ‘कोणाच्या दवाखान्यातून, ते आधी सांग. मंग ठरवू दे त्यांना, घरात घ्यायचं का न्हाई.’ मी सांगितलं, आणि त्यांनी घेतलं नाही. आपण उन्हात परत निघालो. मी तुझ्यावर रागावले होते. तू वाटेत मला उसाचं कांडं घेऊन दिलंस आणि त्याबद्दल पुन्हा बोलली नाहीस. जे घरात घेत, त्यांच्याकडे तू सगळं आवरून, पिशवी बंद करून मगच विचारायचीस, प्रार्थना करू का. नको म्हणाले तर ‘बरं’ म्हणून उठायचीस. त्या ‘बरं’मध्ये रुसवा नसायचा.

नावासाठीची सभा चर्चमागच्या खोलीत झाली. काही गावांनी नाव ऐकून आम्हाला वेशीवरूनच परतवून लावलं होतं, त्यामुळे फारसा वाद झाला नाही. पाळकसाहेब म्हणाले, काम चालू राहिलं पाहिजे. प्रार्थनेचं आपण होऊन विचारायचं नाही, त्यांनी म्हटलं तर करायची, असंही ठरलं. तुझ्याबरोबर नोकरीला लागलेली मावशी मागून बोलली, ‘लग्नात आमची नावं बदलली तव्हा कोणी सभा घेतल्ती का, पाळकसाहेब?’ सगळे हसले. मग तिनंच पदर डोळ्यांना लावला. मी सतरंजीची दशी ओढत बसले होते. लोकांना वाटलं, मला तुझी आठवण आली.

गेल्या आठवड्यात एका म्हातारीकडे गेले. तिच्या नवऱ्याचा पाय तू बांधायचीस, तेव्हा मीही तुझ्याबरोबर असायचे. आता ती स्वतः पडून आहे. पडून पडून झालेली पाठीची जखम हाडापर्यंत गेलीय. ती भरणार नाही हे तिला कळतं, मलाही कळतं. मुलानं दारात विचारलं, कुठल्या तुम्ही. मी नवं नाव सांगितलं. त्यानं मान हलवून आत घेतलं. इतकं सोपं.

मी जखम धुते, पट्टी बांधते, तिला कुशीवर वळवून पाठीशी उशी लावते. ती डोळे मिटते, हात जोडते आणि तशीच राहते. मी पिशवी बंद करते. मुलगा तिला विचारतो, झालं न्हाई का. ती डोळे न उघडता म्हणते, ‘हिची माय जाताना बोलायची. तिच्या देवाशी.’ मी मुलाकडे बघते. तो चिडेल, मला जायला सांगेल, असं वाटतं. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघते. तो म्हणतो, ‘मंग बोला की, ताई. बरं वाटल तिला.’

मी बोलले. तुझेच शब्द, तुझ्याच क्रमानं, एकही चुकला नाही. तिच्या कपाळावरची आठी सैल झाली. आमेन कुठे म्हणायचं तेही तिला ठाऊक होतं. बाहेर येऊन मी स्कूटीपाशी नुसती उभी राहिले.

नावावरून पाळकसाहेबांची झोप उडाली आहे. मावशी अजून जुन्या पाटीपाशी जाऊन उभी राहते. ती पाटी आता भांड्यांच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली आहे. मला मात्र पाटी उतरवताना काहीच झालं नाही. वर कोणी ऐकतंय असं वाटणं कधी थांबलं, ते मला सांगता येणार नाही. तू गेल्यानंतर कधीतरी. परवा पुन्हा त्या म्हातारीकडे जायचं आहे आणि ती पुन्हा हात जोडून थांबणार आहे.

हे कुठे पाठवणार? घडी घालून ठेवते. पण एवढं तुला सांगायचं होतं, त्या घरात डोळे मिटून ‘हे प्रभू’ म्हणताना मी तुझ्याशी बोलत होते.