पहिला खेळाडू कोण

मुनीर,

आपल्या छोट्या लमाला घेऊन आईकडे जातेय. गेले काही दिवस लमा झोपली की थोडं थोडं करत तुझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि तुमचे लहानपणीचे सगळे गेम चालू केले. लॅपटॉप टीव्हीला जोडलाय. कंट्रोलर दोन आहेत, मधलं बटण दाबलं की जोडले जातात.

दोन का? रागावू नकोस, दुपारी अदीब येतोय. मीच बोलावलंय. म्हणाला, "वहिनी, दादा दार तरी उघडेल ना? की साखळी लावूनच बोलेल?" अब्बांच्या दुकानाचा विषय काढणार नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. तूही काढू नकोस.

खिम्याचे किब्बे फ्रीजमध्ये आहेत, तळून घ्या. वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला तर गीझर लावू नकोस. फ्यूज उडेल, आणि अदीब जिंकत असेल तर म्हणेल, तू मुद्दाम उडवलास.

आणि हो, जो कंट्रोलर आधी जोडला जातो तोच पहिला खेळाडू होतो. थोरला म्हणून इतकी वर्षं तूच पहिला होतास. आज त्याला आधी बटण दाबू दे.

सिहाम