कोरडा टेबलक्लॉथ

दादा,

हे पत्र तुला धाडणार नाही, कारण तू ते गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवशील.

आज वादळ आहे. शिडांच्या जहाजावर हौसेने आलेले पाहुणे सकाळपासून पिशव्यांत तोंड खुपसून बसलेत. एक बाई म्हणाली, "कॅप्टनला सांगा ना, जरा हळू चालवा!" असली ही माणसं. असो, सांगत होतो जेवणाचं. समुद्र खवळला की आम्ही टेबलक्लॉथ ओले करून अंथरतो, म्हणजे ताटं घसरत नाहीत. तुझ्यासारखाच पोट सुटलेला एक व्यापारी माझ्यावर ओरडला, "ओलं फडकं काय घालता? कोरडं आणा!" मी हसत हसत आणलं. पुढच्याच लाटेला गरम सूप त्याच्या मांडीवर.

मुख्य वाढपी म्हणाला, "माफी माग, नाहीतर पुढच्या बंदरात उतर."

उतरलो तर तुझ्या दुकानाशिवाय जाणार कुठे? "येशील शेपूट घालून," असं तू म्हणालाच होतास.

मी मान खाली घालून माफी मागितली, दादा. तुझ्याकडे जन्मात मागणार नाही. पण तुझ्या गल्ल्यावर बसण्यापेक्षा त्या टोणग्यापुढे वाकणं सोपं गेलं.

अजून तरी न उतरलेला,
तुझा धाकटा