दोन हातांचा सेहरा

औंढा नागनाथ
२० मे २००२

तीर्थस्वरूप द्वारकाआक्का,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा दंडवत. वसमतला ऊन फार असेल. गुडघा कसा आहे? माझं इकडे उत्तम चाललं आहे, काळजी नसावी.

धुरपता संक्रांतीत गेली तेव्हा सगळे म्हणाले, तिचं फुलांचं काम आता बंद करा. मी सुईदोरा घेऊन ओसरीवर बसलो. इतकी वर्षं तिच्यासमोर पेपर वाचला, तेवढ्यात गाठ मारणं दिसलं होतं. हार चांगले होतात. फक्त लांब होतात, आणि फुलं पुरत नाहीत. तांड्यावरचा थावरा झेंडू आणून देतो, त्याने परवा एक हार उचलून विचारलं, "मामा, हार करून राहिले का बैलाचं दावं?"

मग तिचं जुनं गिऱ्हाईक खाजा मियां, त्यांच्या पुतण्याचं, उजैरचं लग्न आलं. मोगऱ्याचा सेहरा सांगितला, नेहमीसारखा दोन हात. मी बराबर दोन हात मोजून लडी ओवल्या. (उजैर उंचीने बुटका, हे मी विचारात घेतलं नाही.) सेहरा कपाळाला बांधला तो गुडघ्यापर्यंत आला. नवरदेव बसला तर निम्मा सेहरा मांडीत, आणि उठला तर निम्मा तुटून गादीवर, कारण तो स्वतःच्याच लडींवर बसला होता. सरबत पाजायला खाजा मियांच्या घरच्या अख्तरीभाबींनी लडी बाजूला केल्या, तर पेला त्याच्या कानाला लागला. लोक पोट धरून हसत होते. मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

जाताना खाजा मियांनी मला बाजूला घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "शेषराव, फूलाँ अच्छे हैं. मगर हात भाबी का लाव."

हात भाबीचा आण, म्हणजे धुरपताचा, याचा तेव्हा उलगडा झाला. ती कोपरापासून बोटापर्यंत स्वतःच्या हाताने मोजायची आणि गिऱ्हाइकांना तोच हात माहीत. माझा हात चार बोटं मोठा. आता शुक्रवारी खाजा मियांच्या लेकीचं, मुन्नीचं लग्न आहे. या वेळी चुकलं तर काम बसस्टँडच्या दुकानाला जाणार, आणि ओसरी रिकामी.

तिच्या हाताचं माप घरभर शोधलं. बांगड्यांवरून मनगट कळतं, लांबी कळत नाही. चोळीची बाही कोपराच्या वरच संपते.

बाकी सर्व ठीक.

आपला,
शेषराव

ता. क. तुम्ही दोघी बहिणी एकमेकींच्या बांगड्या घालायच्या, तेव्हा हातही सारखाच असणार. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत सुतळी मोजून पाकिटात घालावी.

पुन्हा ता. क. टपालात सुतळी आखडेल असं आता वाटू लागलं आहे. तुम्हीच हात घेऊन गुरुवारच्या एसटीने यावं. तिचा पाट पुसून ठेवला आहे. मी त्यावर बसत नाही, मला तो लहान होतो.