माहेरी निघालेल्या धोबिणी

दोंडाईचा,
चैत्र शुद्ध ५, शके १८५४

तीर्थस्वरूप लोटनभाऊस,

बेबाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. भागावहिनीलाही नमस्कार, पोरांना पापा. इकडे सगळी बरी आहेत. पहूरला यंदा केळीला पाणी पुरतंय का? दिवाळीपासून तुझी एक ओळ नाही, म्हणून मीच लिहायला बसले. रागवायचं नाही असं ठरवलंय. बघू किती निभतं.

मला सध्या नवं काम लागलंय, निव्वळ हौसेचं. माझे चुलत सासरे शालिग्रामनाना, पूर्वी शाळामास्तर होते ते, गावाबाहेरच्या तळ्यावर पाखरं धरतात. खायला नव्हे रे! पहाटे काठाला बारीक जाळं लावायचं, सापडेल त्या पाखराच्या पायात नंबराचं हलकं कडं घालायचं आणि सोडून द्यायचं. पुढे ते कुणाला सापडलं तर पाखरांचा अभ्यास करणाऱ्या मुंबईच्या मंडळींना कळवतात, म्हणजे पाखरू कुठवर गेलं ते समजतं. गावानं नानांना केव्हाच वेड्यात काढलंय. मदतीला आलेल्या गड्यांचे हात राकट, पाखरं घाबरून अर्धमेली व्हायची. तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, आमच्या बेबाला नेऊन बघा.

जाळ्यातून पाखरू सोडवणं म्हणजे बोंडातून कापूस काढणं. पाला लागू द्यायचा नाही आणि ओढायचं नाही. ते तूच शिकवलंस मला, डोक्यात टपल्या मारून. नाना म्हणतात, असा हात त्यांनी पाहिला नाही. ती शाबासकी निम्मी तुझी.

आता धोबिणींचे दिवस आहेत. धोबीण म्हणजे ती शेपटी हलवत पाण्याकाठी फिरणारी, काळी-पांढरी. थंडीभर इथे राहतात आणि ऊन तापलं की उत्तरेला निघतात, थेट हिमालयापलीकडे. मी विचारलं, तिकडे काय ठेवलंय? नाना म्हणाले, अंडी तिकडेच घालतात, इथे कधी नाही. मग मी मूठ उघडली. हातातली सोडून दिली.

परवा सासूबाई भाकरी घेऊन तळ्यावर आल्या. माझ्या मुठीतल्या धोबिणीच्या डोक्यावर त्यांनी बोटानं कुंकू टेकवलं. नाना खेकसले, "अहो वहिनी, पिसं खराब होतात!" सासूबाई म्हणाल्या, "माहेरले चालनी ना ती? मंग उघडं कपाय लिसन कशी जाई?" उघडं कपाळ घेऊन लेक माहेरी जायची नाही, हे ऐकून नानांना हसू आवरेना. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. माझ्या पोटाकडे पाहत राहिल्या.

मला सातवा सरला, भाऊ. वहिनीला निरोप पोचलाय, म्हणजे तुलाही ठाऊक आहेच. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे का मी तुला सांगायचं? सासूबाईंनी ओटीचा खण आणि नारळ होळीपासून काढून ठेवलाय. न्यायला येणारा मुऱ्हाळी तेवढा हवा, आणि तो तुझ्याशिवाय कोण? आखाजीच्या सणाला शेजारच्या सगळ्या पोरी माहेरी जातील, मी झोक्याकडे बघत इथे बसू का? मला भीती वाटते रे. आई नाही. वहिनीचा हात हवा, आपलं घर हवं.

दिवाळीत तू भाऊबीजेला आलास तेव्हा हे म्हणाले, केळीवाल्यांना काय, पाणी सोडलं की झोपले. तू म्हणालास, ज्वारीवाले जागे राहून तरी काय पिकवतात. आणि भरलं ताट सारून उठलास. दोघं बाप्ये माणसं, आणि भांडण कशावरून तर केळीवरून! मी वाढलेली पुरणपोळी तशीच राहिली, त्याचं कुणालाच काही नाही. बघ, आलाच राग.

ह्यांना लिहा म्हटलं, तर हे बैलांना पाणी दाखवायला उठतात. पण एक सांगते, त्यांना कळू देऊ नकोस. जळगावकडची गाडी यायच्या वेळेला हे रोज बैलगाडी जुंपून स्टेशनवर जातात. कशाला म्हटलं, तर "नानांचं पार्सल येनार शे." काल मी नानांना विचारलं. त्यांनी काहीच मागवलेलं नाही. आणि बैलगाडीत रोज नवी गोधडी अंथरलेली असते. पार्सलाला गोधडी कशाला लागते, ते तूच ओळख.

पाचोऱ्याला गाडी बदल, जळगावला बदल, की दोंडाईचा. धोबिणी आता थोड्याच उरल्यात.

अजून तळ्यावरच असलेली,
तुझी बेबा